झांजेचा एकच ठोका

मोरू गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, मीराने, जर्मनीहून केला, तेव्हा मी कामोठ्यात रिक्षात होतो. माझा चेहरा पाहून रिक्षावाल्याने विचारलं, "कोण गेलं काका?" म्हटलं, "मित्र. कंडक्टर होता." तो हळहळला. "कुठल्या डेपोला?" मला हसू फुटलं आणि मग ते हसू काही नीट राहिलं नाही...

हा घोटाळा पनवेलला जुनाच. मोरूच्या आईने "आमचा मोरू कंडक्टर झाला" म्हणत पेढे वाटले, तेव्हा भाजीवाल्या मावशींनी विचारलं होतं, "कंच्या गारीवर हाय? उरनच्या का पेनच्या?" आई शांतपणे म्हणाली, "जर्मनीच्या."

मोरूचे वडील बँडमास्तर. वरातीत मोरू क्लॅरिनेट वाजवायचा आणि मी झांज. तालाशी माझं फारसं सख्य नव्हतं, पण बँडचा उरलेला लाल कोट मला बरोब्बर बसायचा, म्हणून माझी नेमणूक. पुढे मी बँकेत चिकटलो. मोरू मुंबईत पाश्चात्त्य संगीत शिकला, जर्मनीतल्या एका थिएटरात गायकांच्या तालमींना पियानो वाजवत राहिला आणि शेवटी तिथेच ऑपेराच्या वाद्यवृंदासमोर काठी घेऊन उभा राहिला. स्वरलिपीच्या वहीत तो पेन्सिलीने मराठीत सूचना लिहायचा, वादकांना वाचता येऊ नयेत म्हणून. 'इथे दम धर.' 'व्हायोलिनवाले पेंगतात, डोळे वटार.'

वीसेक वर्षांपूर्वी तो मुंबईचे वादक घेऊन पनवेलच्या नाट्यगृहात आला. म्हणाला, "बाळ्या, झांज तूच." एका ऑपेराचा सुरुवातीचा तुकडा होता. त्यात मला ठोका एकच, अगदी शेवटी. त्याआधी नुसतं मोजत बसायचं. "मोजायला चुकलास तरी घाबरू नकोस, मी तुझ्याकडे बघेन. बघितलं की मार." पहिल्या तालमीनंतर महिनाभर मी गच्चीवर सराव केला. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं.

कार्यक्रमात मी झांज उचलून उभा राहिलो... आणि तुकडा संपला. टाळ्या झाल्या, तरी माझे हात वरच. नंतर मोरू म्हणाला, "अरे, मी बघितलं होतं की. तू कुठे बघत होतास?" पहिल्या रांगेत आमची पुष्पा नव्या साडीत बसली होती. तिच्याकडेच बघत असणार, असं मी कबूल करून टाकलं. तेव्हापासून हा किस्सा मी लग्नामुंजीत सांगत आलोय. तुमच्यापैकीही काहींनी ऐकला असेल. मोरू सुट्टीवर आला की स्वतःच फर्माईश करायचा, "बाळ्या, तो झांजेचा सांग." आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. पुष्पा दर वेळी लाजायची.

मागच्या आठवड्यात मीराने त्या तुकड्याची वही पाठवली. सोबत इंग्रजी अक्षरांतली चिठ्ठी : 'काका, बाबांचं मराठी मला वाचता येत नाही. काय लिहिलंय ते कळवाल?' मी हौसेने कागद घेऊन बसलो. शेवटच्या पानावर झांजेच्या खुणेवर काट मारली होती. शेजारी मोरूचं अक्षर : 'बाळू उशिरा येतो. ठोका काढला. त्याच्याकडे बघायचं नाही.' खाली तारीख, पहिल्या तालमीची.

म्हणजे सगळं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तरी त्याने मला महिनाभर गच्चीवर वाजवू दिलं, झांज घेऊन उभं राहू दिलं. माझा ठोका उशिरा पडतो हे खरंच असेल. तोंडावर सांगितलं असतं, तर मी त्याचाही किस्सा केला असता. पण जो किस्सा तो वीस वर्षं माझ्याकडून मागून घेत होता, त्यातली चूक माझी नव्हती, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं.

बाकी पानं मीराला कळवली. शेवटचं राहिलंय. काल दुपारी माळ्यावरून झांज काढली, वही समोर धरली, पहिल्यापासून मोजत आलो आणि काट मारलेल्या जागी ठोका दिला.

स्वयंपाकघरातून पुष्पा म्हणाली, "आता कशाला वाजवताय? तेव्हा तर माझ्याकडे बघत बसलात."

मी म्हटलं, "हो ना."