आर्लनच्या यादीतलं शेवटचं नाव

माझ्या धाकट्या भावाबद्दल, आर्लन कोस्केलाबद्दल, आमच्या गावात कुणालाही विचारा. पेट्रोल पंपावरची बाई सांगेल, असा माणूस शोधून सापडायचा नाही. पाद्री सांगतील, देवाने त्याला हात दिला. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं म्हणणारी मी एकटीच. आणि मी पडले बहीण, म्हणून माझं कुणी मनावर घेत नाही.

सव्वीस वर्षं प्यायला. तांब्याची खाण बंद पडली म्हणून प्यायला लागला असं लोक म्हणतात. खाण बंद पडली तेव्हा तो शाळेत होता. पहिली बायको सोडून गेली, ट्रक दोनदा सरोवराच्या बर्फात घातला, वडिलांची शिकारीची बंदूक विकून टाकली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आई फेब्रुवारीत गेली त्याच उन्हाळ्यात, चर्चच्या तळघरात दारू सोडलेल्यांची सभा भरते तिथे जाऊन बसला, आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. मी खोटं कशाला बोलू? नाही शिवला. आयुष्य पुन्हा उभं केलं त्याने. लाकूड वाफेवर वाकवून बर्फावर चालायचे जाळीचे जोडे बनवायला लागला. शिकागोहून लोक येऊन घेऊन जातात. डोरीनशी लग्न केलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना स्वतःच्या गाडीतून साठ मैलांवर डायलिसिसला नेतो आणि चार-चार तास त्यांच्या उशाशी बसून राहतो. हे शेवटचं कुणी कौतुकाने सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का, ते सांगते.

आई काउंटीच्या इस्पितळात होती. शाळेच्या स्वयंपाकघरातून रजा काढून अकरा दिवस मी तिच्या खाटेशी खुर्चीवर काढले. बाराव्या दिवशी दुपारी आर्लन आला. म्हणाला, "जा गं, अंघोळ कर, घटकाभर पड. मी बसतो ना." मी गेले. चारला परत आले तर हा खोलीच्या दारात उभा. आई गेली होती.

"मी हात धरून बसलो होतो," तो म्हणाला. "शांतपणे गेली. तुझ्यासाठी निरोप आहे. व्हर्ना फार दमलीय, तिला म्हणावं आता झोप."

त्याच्या तोंडाला वास येत होता. पण तो कधी येत नव्हता?

त्या वाक्यावर मी जगले. नवरा गेला, गुडघे गेले, मुलं टेक्ससला गेली. अंथरुणाला पाठ टेकली की आई म्हणायची, आता झोप, आणि मला झोप लागायची.

आता त्या सभेची एक रीत आहे. प्यायलेपणी ज्यांचं ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी करायची, एकेकाच्या दारात जाऊन कबुली द्यायची, जमेल ते भरून द्यायचं. अट एकच, की सांगण्याने समोरच्यालाच इजा होणार असेल तर गप्प बसायचं. दुसरी रीत म्हणजे दारू सोडल्याच्या दिवशी दर वर्षी केक कापायचा आणि जवळच्या माणसाच्या हातून बिल्ला घ्यायचा. दहाव्या वर्षाचा बिल्ला आर्लनला माझ्या हातून हवा होता. समारंभ रविवारी होता. गुरुवारी सकाळी तो माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याच समारंभासाठी वेलदोड्याच्या पावाची वेणी घालत होते.

"व्हर्ना, जरा बस ना."

"हात पिठात आहेत. बोल उभ्या उभ्या."

"आई गेली तेव्हा मी तिथे नव्हतो."

मी वेणी घालतच राहिले.

"तू गेलीस आणि दहा मिनिटांत मी समोरच्या बारमध्ये. परत आलो तर सगळं झालं होतं. तेवढ्यात तू आलीस. तुझं तोंड बघून मला काही सुचेना."

"आणि ती बोलली ते?"

"ते मी बनवलं गं."

"हे आज सांगायला कुणी पाठवलं तुला? गॉर्डीने?" गॉर्डी म्हणजे सभेतला जुना माणूस, ज्याने आर्लनला हाताला धरून वर काढलं तो.

"गॉर्डी नकोच म्हणत होता. तिला सोसेल का बघ, म्हणाला. पण सगळी नावं झाली, तुझं एकटं राहिलं होतं. असलं खोटं पोटात ठेवून तुझ्या हातून बिल्ला कसा घेऊ? मी त्याला म्हटलं, आमची व्हर्ना खंबीर आहे."

"खंबीर! मेल्या, त्या वाक्यावरच तर खंबीर होते मी!"

तो रडला. बाहीने नाक पुसलं. मग म्हणाला, "हलकं वाटतंय बघ. किती वर्षांनी हलकं वाटतंय!" कालच्या पावाचे दोन जाड तुकडे लोणी लावून खाल्ले आणि गेला.

त्याचं ओझं उतरलं ते माझ्या पाठीवर. सव्वीस वर्षांत या माणसाने माझ्यासाठी एकच चांगली गोष्ट केली होती, ती म्हणजे ही थाप. तीही प्यायलेला असताना. शुद्धीवर आला आणि तेवढीही काढून घेतली. त्या रात्रीपासून मला झोप नाही.

शनिवारी डोरीनचा फोन. "येणार ना गं उद्या? मी काही तुला भीती घालत नाही, पण तू आली नाहीस आणि त्याने पुन्हा बाटलीला हात लावला म्हणजे?"

दारुड्याच्या घरातल्या बायकांना हे वाक्य पाठ असतं. तो प्यायचा तेव्हा आम्ही घरात चवड्यांवर चालायचो. आता त्याने सोडली, तरी चवड्यांवरच.

गेले. पावही नेला. आर्लनने उभं राहून सगळं सांगितलं, आई, बार, बनवलेला निरोप. तळघरात पन्नासेक माणसं होती, निम्मी डोळे पुसत होती. माझ्या आईचं मरण ऐकून रडायला माझी परवानगी कुणी विचारली नव्हती.

"आणि माझ्या बहिणीने मला माफ केलंय," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "केलंस ना गं?"

"हो," मी म्हणाले, आणि बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. गॉर्डी तेवढा खाली मान घालून बसला होता.

केक वाटून झाल्यावर मी त्याला कॉफीच्या टेबलाशी गाठलं.

"आर्लन, एक विचारायचं राहिलं. तू नव्हतास, मग तिच्यापाशी कोण होतं?"

"म्हणजे?"

"जाताना. नर्स वगैरे होती कुणी, का एकटीच गेली?"

त्याने बशीतला केक काट्याने टोचला. "मी विचारलं नाही गं."

"तेव्हा नाही विचारलंस. नंतर?"

"नंतर... नाही."

डोरीनने फोटोसाठी हाक मारली आणि तो गेला. आईला जाऊन साडेदहा वर्षं झाली होती, आणि त्यातली दहा वर्षं तो शुद्धीवर होता.