दामोदरभाऊंचा कोरिया

दामोदरभाऊ बारापात्रे मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांच्या खांद्यावर केसांनी भरलेलं पोतं होतं. आंधळगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला मी नाशिकहून आले होते आणि त्यांच्या घरातली पुढची खोली मला भाड्यानं मिळाली होती. मी ट्रंक टेकवते न टेकवते तोच ते आत आले, पोतं ट्रंकेशेजारी ठेवलं आणि हात जोडून म्हणाले, "म्याडम, कोरियाले इंग्रजीत काय म्हंतेत?"

"कोरियाच."

"पाहा!" ते स्वयंपाकघराकडे वळून ओरडले. "गिरजे, मी म्हनलो होतो ना! नाव बी बदलवा लागत नाही!"

आतून गिरजावहिनींचा आवाज आला, "पयले ते पोतं बाहेर ठेवा. बाई काय म्हनन!"

दामोदरभाऊ कोशाचे विणकर; कोसा म्हणजे रानातल्या किड्याचं रेशीम. घराच्या मधल्या खोलीत त्यांचा माग होता आणि धोट्याच्या खटखटीवर ते दिवसभर जगाचा विचार करत. जगाची खबर त्यांना रद्दीतून मिळे. व्यापाऱ्याकडून सूत ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून येई ते पत्र ते उलगडून, हातानं इस्त्री करून, शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. त्यामुळे त्यांच्या बातम्या पाच-सहा महिने शिळ्या असत. पंतप्रधानांनी परदेश दौरा करून, परत येऊन, दुसरा दौरा केला तरी दामोदरभाऊ पहिल्याच दौऱ्याच्या काळजीत असत.

अशाच एका कागदात त्यांनी वाचलं, की लढाईत पार मोडलेला कोरिया आता केसांचे टोप करून अमेरिकेला विकतो आणि त्यावर कारखाने उभारतो. त्या दिवसापासून माणसाची झोप उडाली. "म्याडम, तुमीच सांगा," ते मला म्हणाले, "त्याहीनं डोस्क्यावरचे केस इकून देश उभा केला, आन आपन केस नालीत फेकून राहिलो. मंग गरीब कोन राहीन?"

गावातल्या न्हाव्याला त्यांनी पटवलं. रोज संध्याकाळी ते दुकानातले केस झाडून पोत्यात भरत. जावळ असलं की बोलावल्याशिवाय हजर. पुढेपुढे कोणाच्या घरी दहावं असलं, की नदीच्या काठी मुंडनाच्या जागेपासून थोडं दूर दामोदरभाऊ पोतं घेऊन अदबीनं उभे दिसत. गावात कुजबुज सुरू झाली, की बारापात्रे करणी शिकतोय. एका म्हातारीनं तर त्यांना पाहून पदराखाली अंबाडा लपवला.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं. मुलांनी "भारतमाता की जय" म्हटलं आणि मागून एकट्याचा दमदार आवाज आला, "कोरियाची बी जय!" सरपंच दचकले. "हे कोनती पार्टी होय बे?" त्यांनी विचारलं. दामोदरभाऊंनी शांतपणे समजावलं, की कोरियाही पंधरा ऑगस्टलाच स्वतंत्र झाला, आपल्यापेक्षा दोन वर्षं आधी. "म्हनजे मोठा भाऊ होय. वाढदिवस एकच. त्याले इसरून कसं चालन?" मी ही गोष्ट हेडमास्तरांच्या कपाटातल्या पुस्तकात पडताळून पाहिली. खरी निघाली. पुढच्या वर्षापासून त्या घोषणेला मुलंही साथ द्यायला लागली.

दिल्लीतल्या कोरियाच्या कचेरीला इंग्रजी पत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. ते सांगत, मी लिहीत असे. "लिवा, आमच्या घरचे समदे खुशाल हायेत. तुमच्या देशाची प्रगती आयकून बरं वाटलं." मग केसांचा विषय. पत्र रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं म्हणून त्यांनी पाकिटात कोशाचा हातभर तुकडाही घातला. आडनाव बारापात्रे असलेला माणूस एका पत्रावर थांबणं शक्य नव्हतंच. चौथ्या पत्राला उत्तर आलं.

उत्तर फार सभ्य होतं. सोबत बर्फाच्या डोंगरांचं एक कॅलेंडर होतं. केस मात्र किमान दहा इंच लांब हवेत, असं त्यात लिहिलं होतं. आमच्या पोत्यांमधला सगळ्यात लांब केस अर्ध्या बोटाचा. मग जेवताना दामोदरभाऊंची नजर सावकाश गिरजावहिनींच्या गुडघ्यापर्यंतच्या वेणीवर गेली. वहिनींनी भात वाढता वाढता वर न पाहताच सांगितलं, "पयले तुमच्या मिशा पाठवा. त्याहीले आवडल्या त मंग माह्या केसाईचं पाहू."

दुसऱ्या दिवशी ते माझी फूटपट्टी मागायला आले. मिशी पावणेतीन इंच भरली.

ती पोती शेवटी वहिनींच्या भावानं एकोडीला नेली आणि धानाच्या बांधावर पसरली. माणसाच्या केसांच्या वासानं रानडुक्कर वावरात येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्या वर्षी त्याचं धान वाचलं. "म्हनजे निर्यात झाली," दामोदरभाऊ म्हणाले. "मोहाडी तालुक्यातून साकोली तालुक्यात. सुरवात अशीच होत असते."

पण तो कोशाचा तुकडा दिल्लीत कोणाच्या तरी हाती लागला होता. वर्षभरानं कार्ड आलं: कचेरीतले एक साहेब नागपूरला येणार आहेत, त्यांना हे कापड जिथे होतं ते गाव पाहायचं आहे. साहेबांचं नाव पार्क. मी ते वाचून दाखवलं.

"पराते?" दामोदरभाऊ ताडकन उठले. "आपल्यातलाच निघाला!"

पराते हे त्यांच्या विणकर समाजातलं आडनाव. पार्क वेगळे, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांना पटलं, पण गावभर "पराते साहेब" हेच झालं. ते काय खातात, यावर चर्चा झाली. पुस्तकात पाहून मी सांगितलं, भात. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शाळेच्या फळ्यावर मुलांनी स्वागत लिहिलं, बँडवाला बोलावला. त्याला परदेशी म्हणून एकच धून येत होती, ती लग्नाच्या वरातीची.

पार्क साहेब जीपमधून उतरले. ठेंगणे, चष्मा लावलेले आणि आमच्याइतकेच घामेजलेले. पायातले बूट काढून ते मागापाशी जमिनीवर बसले, हे पाहून वहिनींना ते फार आवडले. सूत बोटांत धरून ते म्हणाले, की त्यांची आईसुद्धा घरी रेशमाचे किडे पाळायची. मी भाषांतर केलं. दामोदरभाऊंचे डोळे भरून आले.

मग साहेब कामाचं बोलले. हजार वार कापड, सगळं एका रंगाचं, एका पोताचं, तीन महिन्यांत. दारात गावातले सगळे विणकर दाटीनं उभे होते. त्यातल्या कितीतरी घरांतले माग बंद पडले होते आणि या एका हुकमानं ते चालू झाले असते. सरपंच कुजबुजले, "हो म्हन बे दामोदर! रंगाचं मंग पाहू." दामोदरभाऊ मागावरचं सूत चाचपू लागले. सरपंच माझ्याकडे वळले. "म्याडम, तुमीच 'यस' म्हना. येवढी इंग्रजी आमाले बी समजते."

"थांबा म्याडम," दामोदरभाऊ म्हणाले. "सायबाले सांगा, कोशाचा किडा जंगलात रायते. जसा पाला खाते तसा रंग देते. त्याले कोनी हुकूम देऊ शकत नाही. हजार वार एकसारखं होनार नाही. आज होते म्हनलो, त उद्या कोरियात आमच्या गावाचं नाव खराब होईन."

मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब उठून उभे राहिले आणि कमरेतून वाकून त्यांनी नमस्कार केला. दामोदरभाऊही वाकले. साहेब पुन्हा वाकले. आधी कोणी थांबायचं हे दोघांनाही ठाऊक नसल्यानं हे बराच वेळ चाललं आणि बँडवाल्याला वाटलं, कार्यक्रम संपला. त्यानं वरात सुरू केली. निघताना साहेबांनी आईसाठी एक शेला मागितला. दामोदरभाऊंनी पैसे घेतले नाहीत. साहेबांनी मग आपली छत्री दिली. तिची कळ दाबली की ती फटकन आपोआप उघडे. सरपंचांनी ती नाकाशी धरून दाबली आणि मागे उभ्या असलेल्या हेडमास्तरांच्या अंगावर पडले.

गावातल्या विणकरांनी दहा-पंधरा दिवस दामोदरभाऊंशी बोलणं टाकलं. ते मागावर बसत, पण धोटा मधेच थांबे. एकदा त्यांनी विचारलं, "म्याडम, माहं चुकलं का?" मी काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "चुकलं. पन बराबर चुकलं." त्यानंतर धोटा पुन्हा नेहमीसारखा चालू लागला.

माझी बदली भंडाऱ्याला झाली. काही वर्षांनी, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, मी आंधळगावला गेले. मागावर पांढरंशुभ्र, एकसारखं सूत चढलेलं होतं. जंगलातला कोसा मिळेनासा झाला होता आणि व्यापारी बाहेरचं सूत आणू लागला होता. "कुठलं?" मी विचारलं.

"कोरियाचं म्हंते." ते मिश्किल हसले. "तुमाले वाटते मले वाईट वाटत असन. काहून वाटन? सोयरीक झाली ना! आपन समजत होतो आपली पोरगी तिकडे जाईन. त्याहीची इकडे आली. आता आली त नांदवा लागते." आणि उभ्या धाग्यात कोरिया, आडव्यात उरलासुरला आपला कोसा, असं ते विणत राहिले.

त्याच वर्षी थंडीत ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. गिरजावहिनींनी मला आत नेलं, माझ्यासमोर वही-पेन ठेवलं आणि पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "समद्याईले सांगनं झालं, म्याडम. दिल्लीचे कोरियावाले तेवढे राहिले. तेरवी गुरवारी हाय म्हनून लिवा."

मी लिहायला बसले. इंग्रजीत तेरवीला काय म्हणतात ते मला काही केल्या सुचेना. शेवटी तो शब्द मी तसाच, इंग्रजी अक्षरांत, लिहून टाकला.