क्रूसाच्या पायरीवर दिलेलं उत्तर

मी कुवेतला निघाले तेव्हा आणीबाणी चालू होती, आणि मला तिचं काहीही पडलेलं नव्हतं. माझी भीती निराळी होती. आमच्या आळीच्या तोंडाशी एक क्रूस आहे. गाव सोडून लांब जाणाऱ्याला आधी तिथं उभं करतात, सगळे मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, मग एकेक वडीलधारं माणूस पुढे येऊन अंगठ्याने कपाळावर क्रूसाची खूण करतं. त्या सकाळीही तसंच झालं. पायात नव्या चपला, हातात रेक्झिनची बॅग, नर्सिंगची सर्टिफिकेटं छातीशी घट्ट धरलेली. आई रडत होती, बाबा टांगेवाल्यावर उगाच ओरडत होते. थोरल्या काकांनी सगळ्यांत शेवटी खूण केली आणि म्हणाले, "रेजिना, घराण्याचं नाव राख पोरी." मी मान डोलावली, पण नजर काही केल्या वर होईना. समोर क्रूसाची पायरी होती. तीन आठवड्यांपूर्वी त्याच पायरीवर एका माणसाने हात ठेवला होता, आणि मी त्याला सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं.

तुम्ही जे गावात राहिलात त्यांना यातलं बरंच ठाऊक आहे. काहींनी त्यावरून माझ्याशी अबोलाही धरला होता. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले, कुणी बाहरीनला, कुणी अंधेरी-मालाडला, त्यांना मी पहिल्यापासून सांगते. परदेशात बसून गावाची केळी आणि शेवळाची भाजी आठवणं सोपं असतं. आपण काय करून आलो ते आठवणं जड जातं.

आमची वाडी राजोडीच्या किनाऱ्यापासून चालत वीसेक मिनिटांवर. बाबा आणि थोरले काका यांची शेती वेगळी, विहीर एकच, तिच्यावरचं पाणी उपसायचं तेलाचं इंजिनही एकच. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. दोन्ही घरांचं शिंपणं देवजी करायचा. देवजी जातीने वारली, आदिवासी. माझ्या जन्माआधीपासून तो वाडीच्या कोपऱ्यातल्या झोपडीत बायकोपोरांसह राहत होता. पाटाचं पाणी कुठल्या झाडाच्या आळ्याला किती द्यायचं हे त्याला बघूनच कळायचं. काकांची पानवेल तर त्याच्याच जिवावर उभी होती. विड्याच्या पानाचा वेल मोठा नाजूक. पाणी कमी पडलं तर कोमेजतो, मुळाशी साचून राहिलं तर कुजतो.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या देवळात मिशन होतं. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. बाहेरगावचे एक फादर चार संध्याकाळी प्रवचनं देणार होते आणि गावात दुसरा विषय नव्हता. शेवटच्या दिवशी दुपारी देवजी आमच्या ओट्यापाशी आला. त्याची पोरगी तापाने फणफणली होती, तिला चंदनसारला त्याच्या सासरवाडीत न्यायचं होतं. बाबा माल घेऊन मुंबईला गेलेले, काका मिशनच्या मंडपात. घरात मीच होते.

"बाय, काकांच्या पानवेलीत पानी चालू हाय," तो म्हणाला. "घंटाभरानं इंजिन बंद करशील का? खालच्या अंगाला साचू देऊ नको."

"जा तू, मी करते," मी म्हटलं. इंजिन बंद करायला मला येत होतं. खरं तर त्यात येण्यासारखं काही नव्हतंच.

मी केस विंचरले, साडी बदलली, मैत्रिणींनी हाक मारली आणि देवळाची वाट धरली. इंजिन डोक्यातून साफ गेलं. मंडपात पुढची जागा मिळाली याचाच मला आनंद. फादर त्या दिवशी दयेवर बोलले. आवाज चढवत नव्हते, म्हणून जास्त लागत होतं. ते म्हणाले, "देव दयाळू आहे हे ऐकून तुम्ही निवांत झालात, हे मला तुमच्या तोंडावर दिसतंय. पण शेजाऱ्याचं ज्याने वाईट केलं, त्याने शेजाऱ्याच्याच दारात जायला हवं. तुमच्या वतीने देव तिथं जाणार नाही." माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आणि मी इकडे डोळे पुसत होते तेव्हा तिकडे काकांच्या पानवेलीत पाणी भरत होतं. तेल संपलं तेव्हाच इंजिन थांबलं.

सकाळी खालच्या अंगाला तळं झालेलं. आठ दिवसांत पानं पिवळी पडली, पंधरा दिवसांत वेल मुळातून गेले. काका संतापले होते. त्यांनी देवजीला क्रूसापाशी बोलावलं, आळीतली माणसं जमली. तो ख्रिस्ती नव्हता, तरी काका म्हणाले, "पायरीवर हात ठेव आणि सांग, कुठं पिऊन पडला होतास?"

देवजीने हात ठेवला. "मी पीलो नाय. पोरीला घेऊन गेलो व्हतो. बायला सांगून गेलो, तिला इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. माझा व्हिसा त्याच आठवड्यात आला होता. तो काकांच्या मुलाने, कुवेतमधल्या आमच्या दादाने, खटपट करून पाठवलेला. काकांचा एक शब्द फिरला असता तर मी राहिले असते इथंच. "काय गं," काका म्हणाले, "तुला सांगून गेला होता?"

मी म्हणाले, "मला नाही आठवत, काका."

एवढंच बोलले. देवजीने हात उचलला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि झोपडीकडे चालू लागला. दुसऱ्या दिवशी त्याची झोपडी रिकामी होती. त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतून दोघं गाव सोडून गेली. एकीला सगळी आळी निरोप द्यायला आली. दुसऱ्याच्या बायकोच्या डोक्यावर भांड्यांची पाटी होती आणि कडेवर तापातून नुकतीच उठलेली पोर.

निघायच्या आधी मी देवळात फादरांपुढे पापनिवेदन केलं. न करून कसं चालेल, विमानात बसायचं होतं! आळस केला, म्हटलं. खोटं बोलले, म्हटलं. कुणाबद्दल, त्याचं काय झालं, ते गिळलं. आमच्या फादरांनी बिचाऱ्यांनी एक रोझरी म्हणायला सांगितलं आणि क्षमा दिली. लहानपणी सिस्टरांनी शिकवलेलं मला पाठ होतं: जाणूनबुजून मोठं पाप लपवलं तर क्षमा मिळत नाही, उलट आणखी एक पाप चढतं. तरी मी कम्युनियनला, प्रभूची भाकर घ्यायला, गेले. आई शेजारी होती, गेले नसते तर तिने कारण विचारलं असतं. विमान जमिनीवरून उठलं तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ते खाली पडेल आणि मी अशीच देवासमोर उभी राहीन, असं मला खरोखर वाटत होतं. शेजारची मलबारी नर्स म्हणाली, "फर्स्ट टाइम? डोन्ट वरी." तिला काय सांगणार!

कुवेतमध्ये सुरुवातीला मला काहीच कळत नव्हतं. सुटी शुक्रवारी, म्हणून देवळातली रविवारची मिस्साही शुक्रवारी. ड्युटी, हॉस्टेल, एसीची घरघर, खुबूसची रोटी आणि डाळ. तिकडे विहिरीच्या पाण्याचा हिशेब आळ्या-आळ्याने, इथं नळ सोडला की समुद्राचं गोडं केलेलं पाणी. माझ्या हातून नळ चालू राहिला की काळजात धस्स व्हायचं. वॉर्डमध्ये एकच गोष्ट मी तीनदा तपासायचे. सिस्टर-इन-चार्ज मला फार काळजीवाहू समजायची, रिपोर्टात तसं लिहायचीही. मी कशाला घाबरते ते तिला ठाऊक नव्हतं.

आईला पत्रात मी सगळ्यांची खुशाली विचारायचे, अगदी बकरीचीसुद्धा. दीड वर्षाने एकदा लिहिलं, "देवजीचं काही कळलं का?" आईने उत्तरात सगळं लिहिलं, तेवढं सोडून.

पुढच्या उपवासकाळात मी तिथल्या म्हाताऱ्या इटालियन फादरांपुढे गुडघे टेकले आणि इंग्रजीत पहिल्यांदा सगळं सांगितलं. पानवेल म्हणजे काय हे समजावण्यातच निम्मा वेळ गेला. ते शांत ऐकत होते. मग विचारलं, हा माणूस कुठं आहे, ते तुला माहीत आहे? मी म्हटलं, हो, बहुतेक चंदनसारला, सासरवाडीत. ते म्हणाले, मी तुला क्षमा देतो, देवाने ती माझ्या हाती दिली आहे. त्याची क्षमा माझ्या हाती नाही.

पहिल्या रजेत मी चंदनसारला जायला निघाले आणि विरारपर्यंत गेले. रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला आले, थोडी चालले आणि घसा सुकला म्हणून परत फिरले. घसा कुवेतच्या उन्हात नाही सुकला, तो बरा विरारला सुकला! घरी सांगितलं, कापड बघायला गेले होते.

दुसऱ्या रजेत चंदनसार गाठलं. तेव्हा तिथं शेतं आणि वीटभट्ट्या होत्या, पाडा डोंगराच्या अंगाला. देवजी भट्टीवर विटा रचत होता. केस पांढरे झाले होते. त्याची बायको काशी झोपडीच्या दारात होती. मी दुधाच्या पावडरचा डबा आणि पोरीसाठी कापड नेलं होतं. तिने ते घेतलं, आत ठेवलं आणि पुन्हा दारात येऊन उभी राहिली. बस म्हणाली नाही. पोरगी बरी होती, मोठी झाली होती. हे ऐकून मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

मी देवजीला म्हटलं, "त्या दिवशी तू मला सांगून गेला होतास. मी खोटं बोलले. मला माफ कर."

त्याने हातातली वीट खाली ठेवली. "हितं कशाला सांगतेस? हितं सगल्यांना ठावं हाय." वीट पुन्हा उचलत तो म्हणाला, "माला जितं खोटं पाडलं, तितं सांग."

मे महिना होता. आमच्याकडे मेमध्ये रोज संध्याकाळी क्रूसापाशी प्रार्थना असते, रोज एका घराची पाळी, शेवटी उकडलेले चणे वाटतात. माझी रजा संपायला चार दिवस होते आणि दोन दिवसांनी पाळी आमची होती. त्या दिवशी क्रूसापाशी सगळं कबूल करणार, असं आईला सांगितलं तेव्हा ती चणे निवडत होती. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं, सगळी बोलणी काकांनीच केलेली. आई म्हणाली, "देवानं माफ केलंय ना तुला? मग माणसांना कशाला सांगतेस?" तिचा राग नव्हता, ती विनवत होती. दोन भावांची घरं तुटली तर धाकटीचं काय होईल, हे तिचं भय खरंच होतं. ते दोन दिवस मी तेच तेच मनात घोळवत राहिले. गप्प बसले तर देवजीला पुन्हा एकदा खोटं पाडलं, बोलले तर बहिणीच्या लग्नावर गदा. फादरांनी प्रवचनात शेजाऱ्याच्या दारात जायला सांगितलं होतं. आपल्या घराचं दार त्यापायी बंद झालं तर काय करायचं, हे सांगितलं नव्हतं.

शेवटची लितानी, म्हणजे विनवण्यांची माळ, म्हणायच्या आधी जो तो आपला हेतू मोठ्याने सांगतो. कुणी आजाऱ्यासाठी, कुणी परीक्षेसाठी. मी पुढे झाले. म्हणाले, "देवजी मला सांगून गेला होता. इंजिन बंद करायचं मी विसरले. काकांची पानवेल माझ्यामुळे गेली. मी इथं उभी राहून खोटं बोलले आणि त्याला घालवलं. त्याच्यासाठी प्रार्थना करा."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. काका जागचे उठले, माझ्याकडे न बघता घरी गेले. त्यांच्या मागोमाग काकू गेली. मला वाटलं, आता बाबा मारतील. बाबा म्हणाले, "लितानी राहिली आहे," आणि स्वतःच सुरू केली. त्यांचा आवाज फाटत होता. चणे अर्धे टोपलीतच राहिले.

दोन दिवसांनी निघाले तेव्हा कपाळावर खूण करायला सात-आठ जणच होते. काका नव्हते. बहिणीचं लग्न झालं, काकांशिवाय. आईने मला ते पत्रात एका ओळीत कळवलं, आणि ती ओळ वाचून मी ड्युटीवर असताना चादरी ठेवायच्या लिननच्या खोलीत जाऊन रडले. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. बऱ्याच महिन्यांनी दुसरं पत्र आलं: काका चंदनसारला जाऊन आले. काय बोलले ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. देवजीला वाडीत परत ये म्हटलं असणार, कारण झोपडीची जागा त्यांनी साफ करून घेतली होती. देवजी आला नाही.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काका माझ्याशी बोलतात, दादाच्या आणि हवेच्या गोष्टी. दर रजेत मी चंदनसारला जाते. देवजी "आलीस?" म्हणतो आणि काम चालू ठेवतो. मी माफीचं पुन्हा विचारत नाही. विचारायची भीती वाटते, हे कबूल करते. गेल्या खेपेस त्यानेच विषय काढला. भट्टीचं काम त्याला आता झेपत नाही, दारातच बसला होता.

"तुमच्या देवलात माफी मिलते म्हनतात," तो म्हणाला. "किती येल लागतो?"

मी खरं ते सांगितलं. "लगेच मिळते."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "माला अजून लागल."

हॉस्टेलमधल्या मुली मला विचारतात, तू दर सुटीला गावीच का पळतेस, एकदा तरी युरोप बघ. मी आईबाबांचं वय सांगते, ते खोटं नाही. पण तिकीट काढताना छातीत धडधडतं ते त्यांच्यासाठी नाही. चंदनसारला एका माणसाने माझ्याकडे वेळ मागितला आहे, आणि तो माफी देईपर्यंत मला जात राहायचं आहे. गाव म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर आता एवढंच सांगता येतं.