दोन हातांचा चाकू

खोकं आलं तेव्हा मला वाटलं, यांनी पुन्हा मोबाइलचं काहीतरी मागवलं. मी नुकतीच चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून मोशीला घरी पोहोचले होते, डोकं आधीच तापलेलं होतं. बघते तर टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर पोलादाचं एक पातं, दोन चपट्या पट्ट्या, बारीक स्क्रू, पितळी वायसर आणि ते फिरवायच्या दोन इवल्याशा चाव्या. घरी जोडायचा घडीचा चाकू होता तो. नवरा समोर बसलेला. डावा हात टेबलावर, उजवा नेहमीसारखा पँटच्या खिशात.

"हे काय आता?" मी विचारलं.

"वेळ जात नाही," ते म्हणाले.

वेळ घालवायला लोक पत्ते खेळतात, टीव्ही बघतात. माझ्या नवऱ्याला पातंच सापडावं! मी चहा ठेवायला गेले.

ते तळवड्याच्या एका लहान वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर होते. प्रेसला दोन बटणं असतात, अंतर ठेवून बसवलेली. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे ठोकळा पडताना हात बाहेरच असणार. हे कशासाठी आहे ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तरी जो तो एका बटणात पत्र्याची पट्टी खोचून ते कायमचं दाबून ठेवायचा. मग एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं माल आत. माल भराभर निघतो, साहेब खूश असतो आणि नेमका पट्टीकडेच त्याचं लक्ष जात नाही. यांनीही खोचली होती. एका दुपारी डाव्या हातानं बटण दाबलं तेव्हा उजवा आतच होता. मधली दोन बोटं मुळापासून गेली, अंगठ्याजवळचं अर्धं राहिलं. अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली.

तेव्हापासून तो हात खिशात. जेवताना मांडीवर, रुमालाखाली. डॉक्टर दर वेळी सांगायचे, हाताला काम द्या, नाहीतर जे उरलंय तेही आखडून बसेल. मी गोडीनं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. एकदा तर त्यांच्या सगळ्या पँटचे उजवे खिसे शिवून टाकायची धमकी दिली. हात काही बाहेर आला नाही. मला बाकी काही नको होतं, तो एक हात खिशातून बाहेर यायला हवा होता.

शेजारच्या मशीनवर त्यांचा एक मित्र होता. दोघं एकत्र डबा खायचे. तेव्हा यांच्या खिशात कायम एक चाकू असायचा, आणि काकडी असो, कांदा असो, पेरू असो, सगळ्यांना कापून द्यायचं काम यांचंच. अपघातानंतर त्याच मित्राला यांच्या मशीनवर उभं केलं. तो फोन करायचा आणि हे मला खुणेनं सांगायचे, झोपलेत म्हण. दिवसाढवळ्या इतकं झोपणारा माणूस त्या मित्रानं दुसरा पाहिला नसेल.

चाकूच्या मुठीला किटमध्ये काळं प्लास्टिक आलं होतं. ते त्यांना पसंत पडेना. माझ्या माहेरचा शिसवी पोळपाट पडून दुभंगला होता, टाकवत नव्हता म्हणून मी तो ओट्याखाली ठेवलेला. तो त्यांनी बरोबर शोधून काढला. डाव्या हातानं करवत चालवायची सवय नाही, त्यामुळे ती सारखी घसरायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

"धरलंस ना नीट?"

"मी दिवसभर कंपनीत वायरी धरते. तुमची एक फळी धरता येणार नाही का मला?"

लाकडाच्या दोन पट्ट्या निघाल्या. कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्यानं त्यांना भोकं पाडून दिली. मग पॉलिशपेपर घासून खोबरेल तेल लावलं, तसा शिसवीचा रंग असा उजळला की आम्ही दोघंही बघत राहिलो. बऱ्याच दिवसांनी घरात बरं वाटत होतं. हात मात्र खिशातच.

आणि मग ती घुंडी आली. किटमध्ये पात्याला लावायची एक बारीक घुंडी होती, अंगठ्यानं ढकलली की पातं एका हातानं उघडतं. त्यांनी मला हाक मारली. "बघ." डाव्या हाताचा एक झटका, खट्, चाकू उघडा. चेहरा खुललेला. झटक्यात उघडावा म्हणून पातं जिच्यावर फिरतं ती मधली पिन त्यांनी थोडी ढिली केली होती, तेही कौतुकानं सांगितलं.

माझं टाळकंच सरकलं. "परत एकाच हातानं? आणि वर ढिलं करून?"

"चाकू आहे हा. प्रेस नाही."

"हात तर तुमचेच आहेत ना!"

त्यांचा चेहरा पडला. बोलून गेले ते गेले, मला त्याचं वाईटही वाटलं, पण मी माघार घेतली नाही. आमचा अबोला सुरू झाला. ते बाहेरच्या खोलीत बसून चाकू उघडायचे, मिटायचे. खट्. खट्. मी भाकरी थापत असायची आणि प्रत्येक आवाजाला माझा हात थबकायचा.

एका संध्याकाळी आवाज मध्येच थांबला. मी हाक मारत पिठाच्या हातानं बाहेर धावले. चाकू त्यांच्या डाव्या हातावर मिटला होता. वर्तमानपत्रावर रक्त पसरत होतं आणि ते नुसते बघत बसले होते. चांगला हात! हाही गेला, एवढंच माझ्या मनात आलं. ओढतच त्यांना नळाखाली नेलं. पाणी लाल झालं, मग गुलाबी, मग स्वच्छ, तेव्हा दिसलं की बोटाच्या कातडीलाच चीर पडलीय. मी फडकं बांधलं आणि तिथंच खाली बसून मोठ्यानं रडले. शेजारी ऐकतील याचीही फिकीर केली नाही.

"पिन मीच ढिली केली होती," ते म्हणाले. "पातं धरून ठेवणारा खटका पुरता बसतच नव्हता. मला माहीत होतं."

प्रेसबद्दल ते एवढं कधीच बोलले नव्हते.

मी अजून डोळे पुसतेय तोवर मित्राचा फोन आला. हे खुणा करायला लागले. या वेळी मी म्हटलं, "जागे आहेत. गुरुवारी सुट्टीला घरी या, भाऊजी. येताना पेरू आणा." हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच चाकू चालवलाय.

बुधवारी त्यांनी चाकू पुन्हा टेबलावर घेतला. एका बाजूची चावी मला धरायला लावली, दुसरीनं पिन आवळली. मग म्हणाले, "घुंडी काढ." मी काढली आणि सेफ्टीपिनांच्या डबीत टाकली. आता पात्याला नखापुरती एक खाच तेवढी होती. एका हातानं मूठ धरायची, दुसऱ्यानं पातं ओढायचं. ते चाकू घेऊन गॅलरीत गेले, माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ काही नाही. मग एकदाच, खट्. कसा उघडला ते दिसलं नाही. दातानंही उघडला असेल, यांचा काही नेम नाही. बघायला जायची माझी हिंमत झाली नाही.

गुरुवारी मित्र आला. सोफ्याच्या कडेला टेकला आणि बसच्या गर्दीपासून पुनावळ्यातल्या फ्लॅटच्या किमतींपर्यंत सगळं बोलला. नजर पंख्यावर, कॅलेंडरवर, माझ्यावर. त्या खिशाकडे सोडून सगळीकडे. मी पेरू धुऊन आणले आणि सुरी मुद्दाम आणली नाही. यांनी डाव्या हातानं चाकू काढून टेबलावर ठेवला.

"आयला, भारी राव! तू बनवला?" मित्रानं तो उचलून अंगठा फिरवला. "याला घुंडी नाही का?"

"होती. काढली."

"का रे? एका हातानं झटक्यात उघडला असता."

बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तो कानापर्यंत लाल झाला. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते.

यांनी चाकू त्याच्याकडून घेतला, डाव्या हातात धरला आणि उजवा हात खिशातून बाहेर काढला. ऊन न लागल्यानं फिकट पडलेला. अंगठा आणि अर्धं बोट खाचेत बसवलं, ते निसटलं. मी पुढे होणार होते, पण यांनी मान हलवली. दुसऱ्यांदा पातं हळूहळू वर आलं आणि खटका लागला. मग त्याच हाताच्या तळव्याखाली पेरू दाबून यांनी डाव्यानं कापला. फोड वेडीवाकडी निघाली. ती यांनी मित्रापुढे धरली, उजव्या हातानं. मित्रानं घेतली.

"बटणात पट्टी अजून आहे?" यांनी विचारलं.

"सगळ्यांचीच आहे, राव. तुला माहितीय तिथलं."

"तुझी विचारतोय."

मित्र पंख्याकडे बघायला लागला. फोड हातात तशीच. थोड्या वेळानं काम आहे म्हणून उठला आणि चपला घालून गेला. मला दोघांचाही राग आला होता. तो आता फिरकायचा नाही, असं मी धरूनच चालले.

दुसऱ्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. मी डबा भरत असताना यांचा फोन वाजला. यांनी तो उचलला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे प्रेसचा धडधडाट.

"काढली," मित्र ओरडून म्हणाला. "निम्माच माल निघालाय. साहेब बोंबलतोय."

"बोंबलू दे. सुटलास की बोटं मोज."

"आत्ताच मोजली," तो म्हणाला. "दहा आहेत, भावा."

मला डब्याचं झाकण लावता येईना. यांनी फोन ठेवला, ओट्याजवळ आले आणि दोन्ही हातांनी दाबून झाकण लावलं.