मांडीवरचं गाठोडं

बत्तीस सालच्या श्रावणात शास्त्री नदीचं पाणी संगमेश्वरच्या बाजारात शिरलं, तेव्हा कुंभारवाडीतली हौसा दोन वर्षांच्या चिमाला पाठीशी बांधून कौलांवर चढली. नवरा केरू मुंबईला गिरणीत. सगळी दुपार ती आढ्याला धरून बसली होती. उन्हं कलताना एक ओंडका वाहत येऊन भिंतीवर आदळला, कौलं सरकली आणि पदराची गाठ सुटली. चिमा एकदाच “आये” म्हणाली. पुन्हा दिसली नाही.

तिसऱ्या दिवशी गल्ल्यांतून गुडघाभर पाणी असताना रत्नागिरीचा आत्माराम फोटोवाला होडीतून आला. पडकी दुकानं, चिखलाने भरलेलं देऊळ, सगळं त्याने काढलं होतं. फक्त माणसं मिळत नव्हती.

“जरा त्या छपरावर चढून बस गं,” तो हौसाला म्हणाला.

सरकारी माणूस असेल, काही मदत मिळेल, म्हणून ती चढली. आत्मारामने काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं.

“मांडी रिकामी दिसते. पोरबाळ नाही तुला?”

“व्हती.”

“मग ते गाठोडं घे. छातीशी धर. हां! आता हलू नको.”

गाठोडं ओल्या गोधड्यांचं होतं. हौसाच्या हातांनी सवयीनं त्याची डोक्याकडची बाजू वर उचलली.

पोर गेल्याचं पत्र लिहून घ्यायला ती दोनदा मास्तरांकडे गेली. दोन्ही वेळा उंबऱ्यावरूनच परत फिरली. तोवर तो फोटो मुंबईच्या वर्तमानपत्रात छापून आला होता. केरूने आपलं छप्पर ओळखलं, बायको ओळखली, खोलीतल्या सगळ्यांना गूळ वाटला आणि गणपतीला येताना लाल झबलं आणलं.

अंगणातूनच त्याने हाक मारली, “चिमे!”

हौसाने सांगितलं, तेव्हा त्याने खिशातलं कात्रण उलगडलं.

“पुरात ही तुज्या मांडीवर हाय. मग मागनं काय केलंस तिचां?”

“ती चिमा नाय. गाठोडां हाय ता.”

“माजी पोर मी वळखीत नाय?”

त्याने तिला अंगणातच मारलं. शेजारपाजार बघत राहिला. फोटो सगळ्यांनीच पाहिला होता.

हौसा हातखंब्यावरून दोन दिवस चालत रत्नागिरीला गेली. दुकानाच्या दारात तोच फोटो मोठा करून टांगला होता. खाली लिहिलं होतं, ‘माउली’.

“गाठोडां व्हता येवडां लिवून द्या, दादा,” ती म्हणाली.

“होतंच की,” आत्माराम म्हणाला. “पण फोटो प्रदर्शनात जायचाय. असं लिहून दिलं तर माझी काय अब्रू राहील?”

निघताना त्याने तिला एक प्रत फुकट दिली.

ती परतली, तर केरू मुंबईला निघून गेला होता. पुढल्या वैशाखात त्याने दुसरं लग्न केलं. हौसा बाजारात मडकी विकत बसायची. कडेवर मूल घेतलेली एखादी बाई मडकं वाजवून बघायला वाकली, की आधी मुलाला हौसापासून लांबच्या कडेवर घ्यायची.