बापाला बोलतं करणाऱ्या भालेराव सिस्टर

श्रीमती यशोधरा भालेराव यांची आणि माझी पहिली भेट कसबा पेठेतल्या एका धर्मादाय दवाखान्यात झाली, त्याला आता बारा वर्षं होतील. परिचारिका म्हणून उभी हयात घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीन दुपारी वयात येणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी तिथे बसत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात डॉक्टर लिहिताहेत, प्राचार्य लिहिताहेत. मी विमा कचेरीतला निवृत्त कारकून. माझा अधिकार एवढाच, की सिस्टरांनी मला माझ्याच मुलाशी बोलायला शिकवलं.

माझा मुलगा निखिल तेव्हा चौदा वर्षांचा होता. दोन महिन्यांत पोरगं निम्मं झालं होतं. पोहणं सोडलं, जेवण टाकलं, आईजवळ बसेना. सकाळी उठून स्वतःची चादर स्वतः धुवायचा, आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं! रक्त तपासलं, सगळं ठीक. मग एक दिवस माझ्या पत्नीला, वंदनाला, त्याच्या दप्तरात कसल्याशा चूर्णाची पुडी सापडली. वर छापलेलं : अशक्तपणावर खात्रीचा उपाय. आमच्या डॉक्टरांनी ती आधी बंद करायला लावली आणि सिस्टरांचा पत्ता दिला.

मी निखिलला घेऊन कोथरूडहून कसब्यात गेलो. सिस्टर त्याच्याशी एकट्याशी बराच वेळ बोलल्या, मग त्याला बाहेर बाकावर बसवून त्यांनी मला आत बोलावलं.

"आजार काही नाही. झोपेत वीर्य बाहेर येतं. या वयात पुष्कळ मुलांचं येतं. मित्रांनी त्याला सांगितलंय, यानं माणूस खंगतो. त्या भीतीनं खंगलाय. हे तुम्हाला सांगायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे."

"म्हणजे स्वप्नदोष," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"दोष कुठे दिसला तुम्हाला त्यात?"

मी घाईघाईनं म्हणालो, "सिस्टर, तुम्हीच त्याला नीट समजावा ना. तुम्हाला जमेल."

"मला जमेलच. पण पुढच्या वेळी घाबरला की तो कोथरूडहून इथे येणार आहे का? तुम्ही घरातच असता ना?"

आणि त्यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. "मी निखिल. बोला."

साठी उलटलेल्या त्या बाईंसमोर मला दरदरून घाम फुटला. "हे बघ बाळा," मी सुरुवात केली, "निसर्गात जशी फुलं उमलतात..."

"फुलं राहू द्या. त्याला माळी व्हायचं नाहीये."

दुसऱ्या खेपेला मी पुडीवरून खडसावलं. सिस्टर म्हणाल्या, "झालं. आता तो तुम्हाला जन्मात काही सांगणार नाही." तिसऱ्या खेपेआधी त्यांनी विचारलं, "तुम्ही चौदा वर्षांचे होतात तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

मला वर्षभर वाटत होतं, की आपण मरणार. हे मी कधी कुणाला, वंदनालाही सांगितलं नव्हतं. ते त्या खोलीत पहिल्यांदा तोंडातून निघालं. सिस्टर हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "हेच सांगा त्याला. समोर बसवून नको, चालता चालता सांगा. लाज वाटते तर तेही सांगा. आणि एकदा बोलून मोकळं व्हायचं नाही, बोलत राहायचं."

आम्ही बापलेक तांबटांच्या दुकानांवरून चालत निघालो. मी कसंबसं सांगितलं. निखिल जागीच थांबला.

"बाबा, तुम्हाला पण?"

"मला पण."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. मुलासमोर हे शब्द मी त्याआधी कधी उच्चारले नव्हते. निखिल रडायला लागला. भांडी ठोकण्याचा आवाज चालू होता, कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

त्यानंतर मी सिस्टरांच्या पालकसभांना जाऊ लागलो, खुर्च्या मांडू लागलो, बापांशी बोलू लागलो. वाघोलीतल्या एका सोसायटीतली सभा मी विसरणार नाही. एक गृहस्थ उठून म्हणाले, "आमच्या मुलींना आत्तापासून नको ते शिकवायचं का?"

"आपली मुलगी केवढी?" सिस्टरांनी विचारलं.

"बारा."

"मैत्रिणींकडे फोन आहेत?"

"आहेत."

"मग शिकवणं सुरू झालंय. कोणी शिकवायचं, एवढंच तुम्ही ठरवायचं आहे."

गृहस्थ तडक निघून गेले, त्यांच्या पत्नी बसून राहिल्या. मासिक पाळीचं सांगून झाल्यावर सिस्टरांनी सगळ्यांकडून एक वाक्य मोठ्यानं म्हणवून घेतलं. मूल नकोशा स्पर्शाबद्दल काही सांगू लागलं, तर आधी म्हणायचं : "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही."

काही महिन्यांनी तेच गृहस्थ दवाखान्यात आले. त्यांच्या मुलीनं शिकवणीच्या सरांबद्दल घरी सांगितलं होतं. "मी तिच्यावरच ओरडणार होतो," ते म्हणाले, "तेवढ्यात हिनं तुमचं ते वाक्य म्हटलं. मग पोर सगळं बोलली. आम्ही पोलिसांत तक्रार दिली." त्यांनी हात जोडले. मला वाटलं, आता सिस्टर त्या सभेची आठवण काढणार. त्यांनी विचारलं एवढंच, "मुलगी जेवते का? झोप लागते का तिला?" आणि पुढचे कितीतरी आठवडे त्या मायलेकींना भेटायला वाघोलीला जात राहिल्या. पुण्यात इतका मोठा विजय इतक्या निमूटपणे पचवणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

हे बळ कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. सिस्टरांनी वडिलांची गोष्ट सांगितली. ते कारखान्यात कामगार होते, बाबासाहेबांच्या मागून धम्मात आलेले. सिस्टरांना पहिली पाळी आली तेव्हा आई गावी गेली होती. वडिलांनी स्वतः स्वच्छ कापड आणून दिलं आणि म्हणाले, "यशू, हा विटाळ नाही. भ्यायचं नाही. उद्या शाळेला जायचं." त्या काळातला बाप! त्यामुळेच बापांकडून आशा सोडायला सिस्टर कधी तयार होत नाहीत.

निखिल पहिल्या दिवशी त्यांच्याशी आणखी काय बोलला, हे मी बारा वर्षांत चार-पाचदा विचारून पाहिलं. "ते त्याचं आहे," एवढंच उत्तर मिळालं. असा विश्वास टाकणाऱ्या किती मुलांची गुपितं घेऊन या बाई शहरात शांतपणे वावरत असतील, या विचारानं मी आजही थक्क होतो.

सिस्टर, आपल्या गुडघ्यांना आराम मिळो, डोळ्यांचं तेज असंच राहो. आपण शंभरी गाठावी, ही सर्वांची इच्छा आहे, पण माझी मागणी त्याहून थोडी जास्त आहे. पुण्यात अजून पुष्कळ घरांत एखादं मूल एकटंच घाबरलेलं आहे आणि शेजारच्या खोलीत त्याचे आईबाप गप्प बसले आहेत. ती सगळी घरं बोलती व्हायला जेवढी वर्षं लागतील, तेवढी आपल्याला लाभोत, आणि सगळी निरोगी लाभोत.