मावशी पाहुण्या होतात

मावशींनी त्या रिसॉर्टच्या चादरी एकोणीस वर्षं धुतल्या; पण त्या नेमक्या कशावर अंथरतात, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. धुलाईघर मागच्या अंगाला. तिथून समुद्र दिसत नाही, फक्त त्याचं मीठ उडून येतं आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतं. बाई सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मावशी होत्या आणि त्यांच्या नजरेतून सुरकुती सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

अलीकडे रिसॉर्ट पर्यावरणस्नेही झालं होतं. म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या गेल्या, फेस न येणारा साबण आला आणि प्रत्येक उशीवर एक कार्ड आलं: ‘टॉवेल खुंटीवर टांगलात, तर आम्ही तो धुणार नाही. जमिनीवर टाकलात, तर धुऊ. समुद्र आपला आभारी आहे.’ दर महिन्याच्या बैठकीत, किती टॉवेल धुतले गेले नाहीत ते मॅनेजर वाचून दाखवत आणि टाळ्या पडत. मावशीही वाजवत. आपण न केलेल्या कामाचं कौतुक नेमकं कोणी घ्यायचं, हे मात्र त्यांना उमगत नसे.

हंगामाच्या तोंडावर मॅनेजरनी नवा नियम काढला. जुन्या कर्मचाऱ्यांनी जोडीने दोन रात्री पाहुणे म्हणून राहायचं आणि जाताना फॉर्म भरून द्यायचा. मावशींच्या वाट्याला सात नंबरची झोपडी आली. झोपडी म्हणायचं ते माती-बांबूची म्हणून. एरवी तिच्या न्हाणीघरात मावशींचं अख्खं घर मावलं असतं. सात नंबर आवरायचं काम मावशींच्या धाकट्या जावेकडे होतं. दीर कमरेच्या दुखण्याने घरी बसलेला, जाऊ सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर, आणि तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे या फॉर्मवर ठरणार होतं.

“साहेब, ती माझी जाऊ आहे,” मावशींनी आधीच सांगून टाकलं.

“म्हणूनच तुम्ही. बाकीचे आपल्या माणसाला सांभाळून घेतात. तुम्ही सख्ख्या नवऱ्याला कॉलर मळकी म्हणून लग्नाच्या मांडवातून परत पाठवलं होतंत.”

हे खरंच असल्यामुळे मावशी पाहुण्या झाल्या.

ठरल्या दिवशी त्या सवयीने मागच्या फाटकाशी गेल्या. रखवालदाराने त्यांना वळसा घालून पुढच्या दाराने पाठवलं. तिथे कुणीतरी गार ओला रुमाल दिला. मावशींनी तो उजेडात धरून शिवण तपासली, चौकोनी घडी घातली आणि परत केला. त्यांचे यजमान टपालराव, पस्तीस वर्षं घरोघर पत्रं वाटून निवृत्त झालेले, त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला आणि विचारलं, “अजून एक मिळेल का?” पाहुणा होणं हा काहींचा अंगचा गुण असतो.

न्हाणीघराला छत नव्हतं.

“काम अर्धवट राहिलंय वाटतं,” मावशी म्हणाल्या.

“अगं, मुद्दाम आहे ते. आकाश बघत अंघोळ करायची.”

“आणि आकाशानं काय बघायचं?”

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पाचला जाग आली. पुढे नेमकं काय घडलं, ते मावशींना नीट सांगता येत नाही. टपालरावांना गादीवरून हलवण्यात आलं. चादर ताणली गेली, बेसिन पुसलं गेलं, वाळू झाडली गेली, टॉवेल खुंटीवर गेले. मग दोघं नाश्त्याला गेले. परतले, तर पायरीवर जाऊ हाताची घडी घालून उभी.

“ताई, एवढाच भरवसा नव्हता तर तसं तोंडावर सांगायचं होतंत.”

“काय झालं गं?”

“काय व्हायचंय? आत सगळं लखलखतंय. आल्या दिवशीची खोली धरत नाहीत, ती सगळ्यांनी मिळून लावलेली असते. आज माझी परीक्षा, आणि पेपर तुम्हीच लिहून मोकळ्या!”

“अगं, मुद्दाम नाही. हात गेला.”

“एकोणीस वर्षांचा हात, बरा माझ्याच झोपडीत गेला!” ती झाडू उचलून चालती झाली.

मावशींनी फॉर्म काढला. पहिलाच प्रश्न: ‘आपली खोली किती समाधानकारक आवरली गेली?’ पाचपैकी पाच द्यावेत, तर ते स्वतःलाच. शून्य द्यावं, तर जावेच्या पोटावर पाय. खोटं लिहायचा सराव नव्हता आणि खरं काय ते कळत नव्हतं.

“अजून दुपार आहे,” टपालराव म्हणाले. “पसारा कर आणि तिला पुन्हा बोलाव.”

मावशींनी पसारा करून पाहिला. चादर अशी विस्कटली की कोणीही म्हणावं, इस्त्री करायला काढलीय. उशी जमिनीवर ठेवली. ठेवली, टाकणं जमेना.

“हो बाजूला,” टपालराव म्हणाले. दोन मिनिटांत त्यांनी जे केलं, त्यावरून घरी आठवडाभर अबोला झाला असता. आभार मानावेत की ओरडावं, हे मावशींना ठरवता येईना. राहिला टॉवेल. स्वच्छ, कोरडा, एकदाच वापरलेला. टाकावा तर समुद्राचा अपराध, न टाकावा तर जावेने बदलायचं काय? त्या तो धरून उभ्याच राहिल्या, तेव्हा टपालरावांनी तो काढून घेतला आणि खाली टाकला.

“समुद्राला माझं नाव सांग.”

जाऊ आली. मावशी बाहेर वेताच्या खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या. दारातून पलंग दिसत होता. चादरीचा झटका बरोबर बसला. उशा ठीक. मग डावा कोपरा. तो दोनदा दुमडायचा असतो. जावेने एकदाच दुमडला. मावशी अर्ध्या उठल्या.

“बस,” वर्तमानपत्राआडून टपालराव म्हणाले.

बसल्या. जाऊ निघून गेल्यावर त्यांनी आत जाऊन बोट घातलं. कोपरा बोटभर सैल. तो तसाच सोडून त्या समुद्र बघायला गेल्या, आणि परत येईपर्यंत समुद्रात काय होतं ते त्यांना सांगता आलं नसतं.

सकाळी डोळे उघडले, तर ऊन पायांवर आलेलं. टपालराव अंघोळ उरकून मावशींच्या कपाळावर हात ठेवून बघत होते.

“बरं नाही का गं?”

“किती वाजले?”

“आठ.”

मावशी उठून बसल्या. कोपरा पुरता सुटला होता, चादर पायाशी गोळा झाली होती, आणि तरी त्या मेल्यासारख्या झोपल्या होत्या.

फॉर्मवर त्यांनी लिहिलं: ‘पहिल्या सकाळी अंथरूण मी घातलं, ते धरू नये. नंतर बाईने घातलं. डावा कोपरा सैल होता. मी आठपर्यंत झोपले.’

मॅनेजरनी ते दोनदा वाचलं. “मावशी, ही तक्रार आहे की कौतुक?”

“झालं ते लिहिलंय, साहेब.”

“पण मी खूण कुठं करू?”

“तेच मलाही विचारायचं होतं.”

मॅनेजरनी पेनचं टोपण काढलं. “आठ वाजेपर्यंत?” त्यांनी विचारलं. “तुम्ही?” मग सही केली.

संध्याकाळी जाऊ धुलाईघरात आली. हातात कागद.

“कायम झाले.”

“बरं झालं.”

“कोपरा सैल होता, असं लिहिलंत म्हणे.”

“होता. बोटभर.”

“मग झोप कशी लागली?”

“तेच कळत नाहीये गं.”

त्या रात्री घरी त्यांनी डावा कोपरा मोजून बोटभर सैल ठेवला. पाचलाच जाग आली. दुसऱ्या रात्री दोन बोटं ठेवला. पावणेपाच. तिसऱ्या दिवशी त्यांनी जावेला निरोप धाडला: कामावरून जाता जाता घरी येऊन जा, अंथरूण घालायचंय.